लाल टिकल्यांचा पोकलेन

मी एक पोकलेन बोलतोय. कारखान्यात मला दुसरंच नाव दिलं होतं, अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं, पण ते तिथल्या माणसांनाही पाठ नव्हतं. कोल्हापूर भागात आलो आणि लांब हाताच्या, साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनला लोक ज्या नावाने ओळखतात तेच मलाही चिकटलं. माझी काही हरकत नाही.

मी थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गावातली धडधाकट माणसं दिवसभर खपून जेवढी माती काढतील, तेवढी मी त्यांचा चहा होईपर्यंत काढतो. टेम्पो ओढ्यात गेला, झाड रस्त्यावर आडवं झालं, की सगळे माझ्याच नावाने हाका मारतात. आणि मी कामाला लागलो की येणारेजाणारे गाड्या थांबवून बघत राहतात. माणसाला दुसऱ्याने खणलेला खड्डा बघायला इतका का आवडतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

एवढ्या ताकदीचं मर्म मात्र अगदी साधं आहे. माझ्या हाताला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे आणि मनगटाला माती उचलणारी बकेट. प्रत्येक सांध्यात एक जाडजूड पिन असते आणि तिच्याभोवती बुश, म्हणजे लोखंडाचीच बांगडी. पिन बांगडीत फिरते. दोघींच्या मध्ये ग्रीसचा पातळ थर असला, की मला सांधे आहेत हेसुद्धा आठवत नाही. तो नसला, की लोखंड लोखंडाला खातं.

हे ग्रीस आत जायला प्रत्येक सांध्यावर हरभऱ्याएवढं तोंड असतं. त्याला निपल म्हणतात. रोज सकाळी ग्रीस गनचं टोक त्यावर बसवायचं आणि दांडी हापसायची. पिनेच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर आलं आणि त्याच्यामागून नवं दिसलं, की समजायचं पोट भरलं. काम चिखलापाण्यातलं असेल तर दुपारी पुन्हा एकदा. माझ्या साऱ्या मागण्यांत ही पहिली.

माझा पहिला मालक रस्त्यांची कामं घेणारा कंत्राटदार होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पायाला सदा घाईची भिंगरी. त्याच्याकडे ऑपरेटर सारखे बदलायचे. सकाळच्या पाळीचा म्हणायचा, ग्रीस संध्याकाळचा मारेल. संध्याकाळचा म्हणायचा, सकाळी मारलंच असेल की. दोघांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता आणि मधल्या मध्ये मी कोरडा राहत होतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एक दिवस वंगण चुकवलं तर काहीही होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. पहिल्याच दिवशी माझा हात गळून पडला असता, तर माणसं लगेच ताळ्यावर आली असती. पण आम्ही लोखंडाची जात, सोसत राहतो. पिन हळूहळू झिजते, बांगडी सैल होते, मग सांध्यातून बारीक कुरकुर येऊ लागते. माझी कुरकुर ऐकून तिथल्या ऑपरेटरने काय केलं असेल? केबिनमधल्या गाण्यांचा आवाज वाढवला. त्याला तो उपाय बरेच दिवस पुरला.

शेवटी भरलेली बकेट उचलली की ती झोकांड्या खाऊ लागली. मालकाने मला विकायला काढलं. एका माळावर, घाणेरीच्या झुडपांत, मी कितीतरी दिवस नुसता उभा होतो. अंगावर गंज चढला. केबिनमध्ये साळुंक्यांनी घर केलं, पिल्लं वाढवली आणि त्या उडूनही गेल्या. मला वाटलं, आपलं संपलं.

तिथे मला बघायला बाळासो आला.

बाळासो कोल्हापुरातल्या गंगावेशीकडचा. घरात वाडवडिलांपासून म्हशी. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवायची चाल आहे, आणि त्या मिरवणुकीत बाळासोच्या म्हशी सगळ्यांत उठून दिसायच्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर कातरून काढलेली नक्षी. पुढे भोंगा वाजवत याची मोटारसायकल, आणि म्हैस तिच्या मागे लेकरासारखी धावत जायची. पुढे शहरात गोठ्याला जागा उरली नाही. म्हशी गेल्या, पण याचा लळा लावायचा स्वभाव कुठे जाणार? तो माझ्या वाट्याला आला.

तो माझ्याभोवती फिरला, पट्ट्यांवर थाप मारली, बकेटीच्या दातांत हात घालून बघितला. मग बरोबरच्याला म्हणाला, "हाडापेरानं दांडगं हाय रं. कुनी खायला घातलं न्हाय, एवढंच."

मला अशा शब्दांत कोणी जोखलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्याचा झालो.

त्याने माझ्या सगळ्या सांध्यांत नव्या पिना घातल्या, नवे बुश बसवले आणि कृष्णात नावाच्या जुन्या ऑपरेटरला माझ्यावर नेमलं. कृष्णात सकाळी आला की कुणाशी बोलायच्या आधी ग्रीस गन उचलायचा. एकेका सांध्याशी थांबून, ग्रीस कडेला येईपर्यंत हापसायचा. त्याच्या हाताखाली मी भुदरगडात विहिरी खणल्या, गडहिंग्लजकडे शेतं सपाट केली, तळ्यांतला गाळ काढला. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ.

संघप्रिया त्याच काळात आली. ती गारगोटीजवळच्या एका खेड्यातली. आधी तिने मामाचा ट्रॅक्टर चालवला, मग रस्त्याच्या कामावर रोलर. एकदा माझ्याशेजारीच तिचा रोलर चालू होता. दुपारच्या सुट्टीत सगळे झाडाखाली बसले आणि ही येऊन कृष्णातला विचारू लागली, हे दांडकं कशाचं, ते कशाचं. कृष्णातला शिकवायची हौस होतीच. बघता बघता तिचा हात असा बसला की मला कळायचंही नाही, दांडकं कृष्णातच्या मुठीत आहे की हिच्या. नवशिका ऑपरेटर मला हिसके देतो. ही कधी हिसका द्यायची नाही.

पुढे कृष्णातच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन ठरलं, धुळीत बसायला बंदी आली. जाताना तो बाळासोला म्हणाला, "मालक, शीटवर प्रियाला बसवा. दुसऱ्या कुनाला बसवू नका."

बाळासोने डोकं खाजवलं. पोकलेनच्या शीटवर बाई त्याने आजवर बघितली नव्हती. पण कृष्णातचा शब्द मोडवेना. शेवटी त्याने तिला समोर उभं केलं.

"हे बग पोरी, दिवाळीच्या पाडव्यापतूर चालव. मशीनला काय झालं न्हाय तर शीट तुजी. पर तुज्या हातनं मोडलं, तर मग मला काय सांगत यायचं न्हाय. मी तर न्हायच ठेवणार, आन तालुक्यात दुसरा बी कुनी बसवून घेणार न्हाय. लोकं काय बोलत्यात तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मी बघतो सगळं."

आमच्याकडच्या बायका 'मी बघतो, मी येतो' असंच बोलतात. परगावच्यांना त्याची गंमत वाटते.

तिने खरंच सगळं बघितलं. कृष्णातच्या वरताण. चिखलातून आलो की दोन्ही पट्ट्या धुतल्याशिवाय ती घरी जायची नाही. असे चांगले दिवस चालले होते आणि दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळीकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. संघप्रिया धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावी गेली होती. विहारात कार्यक्रम होता, तिला भाषण करायचं होतं. मी कोल्हापुरात बाळासोच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होतो. आणि बाळासोच्या मनात आलं, यंदा मशीन नटवायचं.

त्याने पिराजीला बोलावलं. पिराजी म्हणजे म्हशींची शिंगं रंगवणारा. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. त्याने आधी मला डिझेलने खसाखसा धुतलं. सांध्यांच्या कडेला साठलेलं काळं ग्रीस बघून नाक मुरडलं आणि चिंधी कोंबून कोंबून ते पुसून काढलं. त्याच्यावर रंग धरत नाही, म्हणाला. मग पिवळाधमक रंग चढवला, एकावर एक तीन हात. बकेटीच्या दातांना पांढरी किनार दिली. केबिनवर मोर काढला.

मग तो मागे सरून डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला ती छोटी छोटी तोंडं खटकत होती. एवढ्या पिवळ्या अंगावर हे फोड कसले? त्याने बारीक ब्रश घेतला, लाल रंग घेतला आणि प्रत्येक निपलवर एक ठसठशीत टिकली काढली. रंग वाळला की वर अजून एक थेंब, उठून दिसायला.

बाळासोला तर आभाळ ठेंगणं झालं. "पिराजी, लेका, लक्ष्मी दिसायली रं," तो म्हणाला. त्याच्या घरच्यांनी मला ओवाळलं. एकेका टिकलीवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता लावल्या. रंग अजून ओला होता, तांदळाचे दाणे त्यातच बसले. गल्लीतली माणसं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती.

खोटं कशाला बोलू, मीही फुललो होतो. एवढं कौतुक लोखंडाच्या वाट्याला रोज येत नाही. हयगयीने कोरडा पडणं मला ठाऊक होतं. कौतुकानेही माणूस मला कोरडा पाडू शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही गारगोटीच्या अलीकडे एका गावात कामाला गेलो. तिथल्या ओढ्यावरची मोरी, म्हणजे वाटेखालचा छोटा पूल, पावसाळ्यात वाहून गेली होती. पलीकडे गावाचा निम्मा ऊस उभा. साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या त्याच वाटेने येणार, म्हणून त्याआधी ओढा खणून सिमेंटचे मोठे नळे बसवायचे होते. नळे बसवायला नागसेन मेस्त्री होता. शांत माणूस, गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक नळा तोंडाला तोंड लावून बसवायचा. आणि काठावर दिवसभर आकाराम. त्याचा ऊस ओढ्याच्या पलीकडे सगळ्यांत पुढचा, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला. तो कामात कशालाही हात लावायचा नाही, फक्त बोलायचा.

पहिल्याच सकाळी संघप्रिया ग्रीस गन घेऊन आली आणि टिकल्या बघून थबकली. गनचं टोक नीट बसेना. तिने हापसलं, तर दांडी नेहमीपेक्षा जड. थोड्या वेळाने टोकाच्या आजूबाजूने ग्रीस बाहेर आलं.

तिने बाळासोला फोन लावला. "मालक, निपलवर रंग बसलाय. जरा खरवडू का?"

"टिकल्यास्नी हात लावायचा न्हाय," फोनमधून बाळासोचा आवाज मलाही ऐकू आला. "पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत मशीन निघणार हाय. पिराजीनं जीव वतलाय त्यात. ग्रीस बाहेर येतंय का न्हाय?"

"येतंय."

"मग भरलंय की. आनि काय पायजे?"

पाडव्यापर्यंत मालकाला नाराज करायचं नव्हतं तिला. "बरं," ती म्हणाली आणि शीटवर चढली.

आणि तिथेच दोघं फसले. ग्रीस बाहेर येत होतं हे खरं, पण ते पिनेच्या कडेने आतून येत नव्हतं. निपलचं तोंड रंगाने बंद, म्हणून ते गनच्या टोकाशीच पसरत होतं. आत एक थेंबही जात नव्हता. रोज सकाळी ती मनापासून हापसायची, रोज टिकलीभोवती ग्रीस फुलायचं, आणि रोज मी उपाशी कामाला लागायचो. चुकवणाऱ्या हातापेक्षा हे वाईट. चुकवणाऱ्याला निदान माहीत असतं, आपण चुकवतोय.

डिझेलच्या धुण्याने जुनं ग्रीस कधीच गेलं होतं. त्यात ओढ्याचं पाणी आणि रेताड गाळ. बकेटीच्या मनगटातली पिन आधी तापली. मग तिथून किरकिर येऊ लागली. मला बोलता येत नाही; माझी तेवढीच भाषा. मी ती बोलत राहिलो.

संघप्रियाने केबिनमध्ये गाणी लावलेली नव्हती. तिने ऐकलं. दुपारी आणखी ग्रीस हापसलं. दुसऱ्या दिवशी आणखी. तिला वाटत होतं, एवढं खाऊन मशीन वरडतंय कशाला? ती माझ्याभोवती पुन्हा पुन्हा फिरायची आणि मी टिकल्या लावून उभा.

"नवं कापड नेसवलंय मशीनला, तवा गानं म्हनायलंय," आकाराम काठावरून म्हणायचा. "का ऑपरेटरला भ्यालंय?"

ती उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायला पाडव्यानंतर पुष्कळ वेळ मिळाला असता.

पाडवा तोंडावर आला आणि शेवटचे नळे राहिले. त्या दिवशी सकाळी काठावर सगळा गाव जमला होता. काम असं होतं: बकेटीला साखळी अडकवायची, साखळीला नळा, आणि तो उचलून अलगद खाली सोडायचा. खाली चरात नागसेन मेस्त्री उभा, हाताने नळ्याचं तोंड वळवायला. म्हणजे माझ्या मनगटाच्या बरोबर खाली एक जिवंत माणूस.

पहिला नळा बसला. दुसरा उचलायला तिने माझा हात फिरवला आणि मी किंचाळलो. किरकिर नव्हे, किंचाळीच.

तिने इंजिन बंद केलं. खाली उतरून ती मनगटापाशी आली. पिनेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. पिनेच्या कडेला तांबूस पिठी साचली होती, लोखंडाचं पीठ. पिन अडकवून ठेवणारा बोल्ट मोडला होता आणि पिन जागेवरून बोटभर बाहेर सरकली होती.

तिचा चेहरा मी बघितला. पाडवा हाताशी आलेला. काठावर गाव बघतोय. 'मशीन मोडलं' हे शब्द तिने तोंडातून काढले, की ते तिच्याच नावावर पडणार होते. दोनतीन नळे कसेबसे ओढून नेले असते, तर कुणाला काही कळलंही नसतं. तिला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मेस्त्री, वर या," ती म्हणाली.

"का गं?"

"या वर. मशीन थांबवलंय मी."

नागसेन तिच्या चेहऱ्याकडे बघून लगेच चरातून वर आला. आकारामने मात्र फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाळासोला बोलावून घेतलं.

बाळासो आला तो दुपार कलताना. पांढरीशुभ्र कापडं, कपाळाला गंध. काठावरच्या गर्दीने त्याला वाट दिली. संघप्रियाने पिन दाखवली. "मालक, आत कायतरी झालंय. हे खोलून बघाय पायजे. आज काम व्हायचं न्हाय."

"उद्या माझ्या उसाला तोडणीची टोळी येणार हाय," आकाराम मध्येच म्हणाला. "जमत नसलं तर तसं सांगा, पावणं. इचलकरंजीतनं दुसरं मशीन आनतो."

एवढ्या लोकांसमोर बाळासोला ते लागलं. माझ्याकडे बघून त्याचा जीव तुटत होता, पण मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. "बोटभर पिन सरकली म्हून मशीन मोडत न्हाय," तो म्हणाला. "घन आना." आणि त्याने स्वतः घनाने पिन आत ठोकली. मग तिच्यापुढे हात केला. "किल्ली दे. मी उचलतो."

तिने किल्ली मुठीत धरली. "मालक, मशीन तुमचं हाय. पर खाली मानूस उतरला तर किल्ली देणार न्हाय. मेस्त्री वरच थांबतील."

"नळा वळवायचा कुनी मग?" आकाराम म्हणाला.

"दोरीनं वळवा, न्हायतर ऱ्हाऊ दे."

बाळासोपुढे असं कोणी बोलत नाही. तरी तो म्हणाला, "बरं. कुनी खाली उतरू नका." तिने किल्ली दिली.

तो चढला. नळा उचलला. नळा चराच्या वर, अधांतरी आला आणि माझं मनगट गेलं. पिन सुळकन बाहेर पडली, बकेट एका बाजूला कलंडली, साखळी निसटली. एवढा मोठा नळा नागसेनच्या रोजच्या जागेवर आदळून त्याचे तुकडे झाले. पाणी काठापर्यंत उडालं.

नागसेन नुसता त्या जागेकडे बघत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

पहिल्यांदा आकारामला वाचा फुटली. "मी म्हनतच हुतो. बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय हुणार."

आणि गर्दीतून दोघातिघांनी माना डोलावल्या. संघप्रिया जागची हलली नाही. मी बाळासोकडे बघत होतो. त्याला एक अक्षरही बोलायची गरज नव्हती. गप्प बसला असता तरी भागत होतं. गावाने आपणहून सगळा दोष तिच्यावर टाकला होता, त्याची इभ्रत शाबूत राहत होती. मला त्याचा गर्व ठाऊक होता, आणि मी घाबरलो होतो.

तो उतरला. चिखलात पडलेली पिन उचलली. पांढऱ्या कापडांची पर्वा केली नाही. पिन जळून निळी पडली होती. ग्रीसचा वासही नव्हता तिला. त्याने ती उलटसुलट करून बघितली, मग माझ्या मनगटावरच्या लाल टिकलीकडे बघितलं. खिशातली मोटारसायकलची किल्ली काढून टोकाने टिकली खरवडली. आधी रंगात चिकटलेला तांदळाचा दाणा निघाला. मग रंगाचा एक थर निघाला, दुसरा निघाला. त्याच्याखाली निपलचं तोंड, लाल रंगाने गच्च बुजलेलं.

त्याला सगळं कळलं. खांदे पडले त्याचे. मग वळला आणि काठावरच्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ऐका रं. मशीन माज्या हातनं मोडलंय. शीटवर मी हुतो." त्याने जळकी पिन वर धरली. "आन त्येच्या आधी बी मीच मोडलं. हौसेनं रंग लावला आन त्येचं तोंड बुजवलं. हिनं पयल्या दिवशी मला इचारलं हुतं, खरवडू का म्हून. मी नगो म्हनलं. आज हिनं थांबवलं म्हून मेस्त्री हितं हुबा हाय."

संघप्रिया म्हणाली, "मालक, मी बी तवा ऐकाय नको हुतं. दांडी जड लागत हुती मला."

"जड लागली की माजं ऐकायचं न्हाय इथनं फुडं," बाळासो म्हणाला. "शीट तुजी हाय. पाडव्याची वाट कशाला बघायची." मग आकारामकडे वळून म्हणाला, "दुसरं मशीन आनायचं तर आन. पर हे दुरुस्त झाल्यावर ह्येच्यावर हीच बसणार."

आकारामने दुसरं मशीन आणलं नाही. तो खाली उतरून फुटक्या नळ्याचे तुकडे गोळा करू लागला. एवढ्या दिवसांत त्याने कामाला हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला.

माझी पिन आणि बुश कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवर नवे करून आणले. मनगटाला तडा गेला होता, तिथे वेल्डिंगची शिवण आली. बाळासोने स्वतः पत्र्याची पट्टी घेऊन एकूण एक टिकली खरवडली. पिराजीही आला होता. तो तोंड पाडून बसला, तेव्हा बाळासोच त्याला म्हणाला, "तुजा हात चांगलाच हाय रं. जागा चुकली. माजी बी."

आता मी पुन्हा कामावर आहे. रंग जागोजागी गेलाय, मोराचं एक पाऊल पुसलंय, मिरवायला मी काही फार देखणा उरलेलो नाही. आता निपल उघडे आहेत आणि संघप्रिया सकाळी हापसते तेव्हा ग्रीस जिथून यायला हवं तिथूनच येतं, पिनेच्या कडेने, आधी काळं आणि मग नवं. ती ते बोटाने पुसून बघते आणि मगच वर चढते. तालुक्यात आता लोक काम सांगायला येतात ते तिचं नाव घेऊन येतात. बाळासोला त्याचं किती कौतुक, ते त्याने तिला अजून सांगितलेलं नाही. मला सांगतो, थाप मारून.

तुमच्याकडे मशीन असेल, मग ते माझ्याएवढं असो की पिठाची चक्की असो, त्याची पूजा जरूर करा. आम्हाला ते आवडतं. पण हार घालायच्या आधी त्याचे सांधे बघा, आणि ग्रीस नुसतं मारू नका, ते आत गेलं का ते बघा. आमच्याखाली तुमचीच माणसं उभी असतात.

ती आली बघा, ग्रीस गन घेऊन. आता मी बोलायचं थांबतो. दिवसभर माझ्या सांध्यांतून तुम्हाला काही ऐकू आलं नाही, तर समजा, मी सुखात आहे.